माशाचा डोळा

अन्येलोच्या पलीकडचा तळ
३ एप्रिल

बाबा,

हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय एचेनिकेंना फोन करू नका. ते तुमचे शिष्य, आणि इथे कंपनीचे मुख्य तपासनीस. तुमचा फोन ते पहिल्या रिंगला उचलतात. माझा तुम्ही उचलत नाही, म्हणून कागद. तुमच्याकडे, कुत्राल कोला, जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. तब्येतीचं मला बेकरीवाल्या बाईंकडून कळतं, त्यामुळे ते विचारत नाही.

सांगायचं एवढंच : पात्रता चाचणीसाठी आलेल्या वेल्डरांमध्ये इलारियोकाका आहेत.

मी त्यांना बोलावलेलं नाही. गॅसवाहिनीला वेल्डर हवेत ही गोष्ट सापाला गावापर्यंत पोचली, तशी ते आले. सकाळी ट्रेलरच्या दारात उभे होते, हातात हेल्मेट आणि बगलेत माते-चहाचा थर्मास. केस पांढरे झालेत. मला पाहून म्हणाले, "पोरी, इथे परीक्षा कोण घेतं?"

"मीच."

"मग मी चुकीच्या रांगेत उभा आहे," असं म्हणून ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. बाकीचे वेल्डर हसले. एकाने ओरडून सांगितलं, "अरे, क्यू-चार आला! आता मटण भाजायच्या जाळ्या फुकट!"

हे हसणं तुम्हाला कळेल. तुम्ही त्यांना नापास केल्यावर लाइनीवरचा त्यांचा क्यू-४ हा नंबर गेला, पण सापालात ते ज्या भाजायच्या जाळ्या आणि फाटकं बनवत होते, त्या प्रत्येकाच्या पायावर त्यांनी तोच कोरला. बारा वर्षं. आपल्या अंगणातल्या जाळीवरही तो आहे. आईने ती कोणाकडून घेतली हे तिने तुम्हाला सांगितलं नव्हतं. पण तुम्ही तो पाय कायम भिंतीकडे फिरवून ठेवता, म्हणजे तुम्हाला माहीत आहे.

मी एचेनिकेंना त्याच दिवशी लेखी कळवलं की हा उमेदवार माझा सख्खा काका आहे, माझ्या एकटीच्या सहीवर त्याचा निकाल लागू नये. ते म्हणाले, "अहो इन्स्पेक्टरीणबाई, या प्रांतात दगड उचलला तरी खाली तुमच्या आडनावाचा एक किलोद्रान निघतो. कोणाकोणाला वगळणार?" तरी मी हट्ट धरला. आता निकालाला दोन सह्या लागतील, माझी आणि त्यांची.

हे तुम्हाला कुणा तिसऱ्याकडून कळू नये म्हणून लिहिलं. दुसरं कारण नाही.

यानीना

—

६ एप्रिल

बाबा,

तुम्ही एचेनिकेंना फोन केलात की नाही ते मला माहीत नाही. विचारलं नाही. पण आज जे झालं ते तुमच्याशिवाय सुटणार नाही, म्हणून पुन्हा लिहिते.

परवा काकांनी जोड केला. पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलेला, हलवायचा नाही, माणसानेच त्याच्याभोवती फिरायचं. वरून सुरुवात, तळाशी शेवट. मी नियमाप्रमाणे बाजूला उभी होते. पहिल्या थराच्या वेळी मी बघायला वाकले तर म्हणाले, "मागे हो गं. ठिणगीला नातंगोतं कळत नाही." तळाशी उताणं होऊन काम करताना त्यांचा श्वास मोजूनमापून चालला होता. गुडघे कुरकुरतात, ते उठताना ऐकू आलं. हात कुरकुरत नाहीत.

जोड बाहेरून स्वच्छ होता. वाकवण्याचे तुकडे चिरले नाहीत. ओढून तोडायचे तुकडे पाइपात तुटले, जोडात नाही. राहिले खाचेचे तुकडे : दोन्ही कडांना करवतीने खाच पाडायची आणि जोडातच तोडायचं, म्हणजे पोट उघडं पडतं. ते ओढून तोडायच्या यंत्रात लावले. पहिला राखाडी, दाणेदार, निर्मळ. दुसरा तुटला, आणि राखाडी रंगात एक गोल, चकचकीत, पांढरा ठिपका. मधोमध काळा बिंदू.

माशाचा डोळा.

मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "डोळा दिसला, गडी फसला."

ही ओळ तुमची आहे, बाबा. तुम्ही वर्गात शिकवलेली. या वाळवंटात ज्यांनी मानकाचं पुस्तक कधी उघडलं नाही, त्यांनाही ती पाठ आहे. शिकाऊ मुलं ती गाण्यासारखी म्हणतात.

एचेनिकेंनी तुकडा हातातही घेतला नाही. मी भिंग काढलं तर म्हणाले, "आता भिंग कशाला? तोच आपल्याकडे बघतोय."

मी मोजलं. चकचकीत वर्तुळ चार मिलिमीटर. मधलं छिद्र पाऊण मिलिमीटर. मानकात वायूच्या छिद्राला एक पूर्णांक सहा दशांश मिलिमीटरपर्यंत परवानगी आहे. चकाकी हे छिद्र नव्हे. ते छिद्राभोवतीचं पोलाद आहे, फक्त वेगळ्या रीतीने तुटलेलं. आणि मानकात त्याच परिच्छेदाखाली सरळ लिहिलं आहे की माशाचे डोळे हे नाकारण्याचं कारण नाही. पान उघडून मी एचेनिकेंच्या समोर ठेवलं.

त्यांनी वाचलं. वाचत नाहीत असं नाही. मग पान हळूच माझ्याकडे सरकवलं.

"पुस्तक कुणीतरी गालिच्यावर बसून लिहिलंय, बाई. डॉन आन्सेल्मोंनी वाळूत उभं राहून शिकवलंय. त्यांनी सख्ख्या भावाला सोडलं नाही, आणि मी त्याच भावाला, त्याच डोळ्यासाठी सोडू? उद्या त्यांना तोंड कसं दाखवू?"

"तुम्ही त्यांचं तोंड बघता की तुकड्याचं?"

हे मी बोलायला नको होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला. पण सही केली नाही.

या सगळ्यात काका भिंतीला टेकून उभे होते. तुटलेल्या तुकड्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "ओळखतो मी याला. हा आधी भेटलाय."

आधीच्या त्या डोळ्याचा तुकडा मीही शाळेत असल्यापासून ओळखते. तुमच्या टेबलावर कागदांवर ठेवलेला असतो तो, पारदर्शक व्हार्निश लावलेला. शिकाऊ मुलं घरी आली की तुम्ही तो दाखवायचात : "हा माझ्या भावाचा. मी यालाही सोडलं नाही." मी स्वयंपाकघरातून ऐकायची. आई तेव्हा नळ मोठा सोडायची.

सोमवारी, १५ तारखेला, तुकडी लाइनीवर जाते. तोपर्यंत दोन सह्या नसल्या, तर काकांच्या नावापुढे 'अपात्र' लागेल. मग नवीन प्रशिक्षणाचा पुरावा दिल्याशिवाय पुन्हा परीक्षा नाही. सत्तावन्नाव्या वर्षी ते कुठल्या वर्गात जाऊन बसणार? जाणार नाहीत, ते तुम्हालाही माहीत आहे.

मी मागे हटणार नाही. एवढं कळवून ठेवते.

यानीना

—

८ एप्रिल

बाबा,

काल एचेनिकेंनी वाट काढली. वाईट माणूस नाहीत ते. संध्याकाळी ट्रेलरमध्ये आले, सोबत कणकेच्या तळलेल्या गरम तोर्ता फ्रिता, कागदात तेल उतरलेलं. बसले आणि म्हणाले, "जोडाच्या दिवशी वारा होता."

"कुठे?"

"इथे. तंबूची एक बाजू उडाली, धूर विस्कटला, जोडात हवा शिरली. वेल्डरच्या हातात नसलेली परिस्थिती. मानकातच आहे, तुमच्याच लाडक्या पुस्तकात : अशा वेळी कंपनी आणि ठेकेदार दोघांचं एकमत असेल तर दुसरी संधी देता येते. कंपनीतर्फे माझं एकमत आहे. ठेकेदारातर्फे तुमचं?"

कलम बरोबर आहे. ते असंच लिहिलेलं आहे. पण त्या दिवशी वारा नव्हता. या भागात वर्षातून मोजके दिवस वारा पडतो, त्यातला तो एक होता. जारियाच्या झुडपाची काडी हलत नव्हती. तंबूची चारही टोकं मी स्वतः तपासली होती.

"तुम्ही मला खोटं लिहायला सांगताय," मी म्हटलं.

"मी तुम्हाला काकांना वाचवायला सांगतोय. तोर्ता खा, गार होतेय."

मी खाल्ली नाही. काकांना बोलावलं आणि एचेनिकेंना म्हटलं, हेच त्यांच्यासमोर सांगा. त्यांनी सांगितलं. काकांनी नीट ऐकून घेतलं, एक तोर्ता उचलून खाल्ली, बोटं पँटला पुसली.

"वारा नव्हता," ते म्हणाले.

"डॉन इलारियो, असं समजा की होता."

"समजतो. मग दुसरा जोड करतो. तो तुम्ही त्याच यंत्रात लावता, आणि त्यातही डोळा निघतो. मग काय, भूकंप झाला म्हणायचं?"

एचेनिके हसले, त्यांना हसू आवरलं नाही. काकांना मात्र हसायचं नव्हतं. ते म्हणाले, "मी जाळ्या विकून पोट भरतो, बरं भरतं. मी नोकरी मागायला आलो नाही. जोडाशेजारी माझा नंबर लिहायला आलो. तो खोट्या वाऱ्यावर लिहिला तर ज्याने पुसला त्याचंच बरोबर ठरेल."

मग माझ्याकडे वळून : "तू याच्यावर सही केलीस तर मी तुझ्याशीही बोलणार नाही. आपल्या घराण्यात ते सगळ्यांना जमतं."

मी सही केली नाही. ती वाट बंद आहे. तुम्ही असतात तर तुम्हीही बंद केली असतीत, हे मी तुमच्या बाजूने मान्य करते. या एका बाबतीत तुम्ही दोघे भाऊ एकाच साच्यातले.

यानीना

—

९ एप्रिल

बाबा,

आता जे लिहिते ते नीट वाचा. यात राग नाही; निरीक्षण आहे.

एक गोष्ट मला खुपत होती. काका म्हणाले, "त्याच यंत्रात." मी त्यांना विचारलं, "नापास झालात त्या वर्षाआधी तुमच्या तुकड्यांत कधी डोळा दिसला होता का?" म्हणाले, "कधीच नाही. तेव्हा हातोडा होता. शिकंज्यात तुकडा धरायचा, एक घाव, दोन तुकडे. मग त्या हिवाळ्यात तुझ्या बापाला यंत्र मिळालं. लाकडी खोक्यातून आलं. इतका खूश झाला की तू जन्मलीस तेव्हाही एवढा हसला नव्हता. खोकं स्वतः फोडलं, आम्हाला हातसुद्धा लावू दिला नाही."

आणि त्याच हिवाळ्यात डोळे दिसायला लागले. तेव्हाचं घरातलं बोलणं मला आठवतं. तुम्ही आईला सांगायचात की वेल्डर बिघडलेत, आळशी झालेत, रॉड ओलीत टाकतात. एका हिवाळ्यात तुम्ही जितके वेल्डर घरी पाठवलेत, तितके त्याआधी सगळी वर्षं मिळून पाठवले नव्हते. एकदम सगळेच कसे बिघडतील, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. मी पंधरा वर्षांची होते. मीही नाही.

म्हणून आज सकाळी एचेनिकेंना बोलावलं. काकांच्या जोडाचे खाचेचे आणखी दोन तुकडे शिल्लक होते, पाइपावर एकमेकांना लागून कापलेले. मानकाला तोडण्याची रीत कुठलीही चालते, ओढून किंवा ठोकून. एक तुकडा मी यंत्रात लावला आणि सावकाश ओढला. डोळा. त्याच्या शेजारचा शिकंज्यात धरला आणि हातोडा काकांना न देता एचेनिकेंच्या हातात दिला.

"मी?"

"तुम्ही. म्हणजे मी हलका मारला असं म्हणता येणार नाही."

त्यांनी मारला. राखाडी. त्यातही एक बारीक छिद्र होतं, जवळपास तेवढंच, हद्दीच्या आत. पण चकाकी नाही, वर्तुळ नाही. डोळा नाही.

त्यांनी दोन्ही तुकडे उन्हात शेजारी शेजारी धरले आणि बराच वेळ उलटसुलट करून पाहिले.

कारण साधं आहे. आपल्या रॉडच्या लेपात लाकडाचा लगदा असतो; जळताना त्यातून हायड्रोजन सुटतो आणि थोडा पोलादात मुरतो. तुकडा सावकाश ओढला की त्याला छिद्राभोवती गोळा व्हायला वेळ मिळतो, आणि तेवढं पोलाद ठिसूळ होऊन चकचकीत तुटतं. घाव घातला तर वेळच मिळत नाही. म्हणजे डोळा जोडात आधी नसतो, बाबा. तो तोडताना उमटतो. सावकाश, ताणत तोडलं तरच.

तुम्ही ओल्या रॉडची शंका घेतलीत, त्यात चूक नव्हती. डोळा दिसला की रॉडची पेटी तपासावी, हे मी माझ्याही शिकाऊ मुलांना शिकवेन. पण माणूस घरी पाठवायला ते कारण नव्हतं. पुस्तकात नव्हतं, पोलादातही नव्हतं.

एचेनिके शेवटी म्हणाले, "मला पटलं." मी पेन पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही. "पटलं, पण माझ्या हाताला नाही पटत. बारा वर्षं तो एकच गोष्ट करतोय. डॉन आन्सेल्मोंनी एक शब्द लिहून दिला तर करतो."

मानक लिहिणाऱ्या समितीला शंका विचारायची रीत तुम्हीच मला शिकवलीत : प्रश्न असा मांडायचा की उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढंच देता यावं. कारणं लिहायची नाहीत, नाव नाही, नातं नाही, हवामान नाही. समितीचं उत्तर यायला महिने लागतात आणि सोमवार जवळ आलाय. म्हणून समितीला विचारायचं ते तुम्हाला विचारते. वेगळ्या कागदावर, खाली जागा सोडून.

*प्रश्न : खाचेच्या तुकड्यात माशाचा डोळा दिसला, आणि मधलं छिद्र हद्दीच्या आत असेल, तर केवळ त्या डोळ्यासाठी वेल्डरला अपात्र ठरवता येतं का?*

*उत्तर :*

उत्तर 'होय' असेल तर तसंच लिहा. मी तेही एचेनिकेंना दाखवेन, लपवणार नाही. मग मात्र माझी सही 'पात्र' म्हणून एकटी राहील आणि मी ती पुसणार नाही. तुम्ही काही लिहिलंच नाहीत, तर तेही उत्तर समजेन.

यानीना

—

१५ एप्रिल

बाबा,

रविवारी दुपारच्या बसने पाकीट आलं. ड्रायव्हर म्हणाला, "एवढंसं पाकीट आणि एवढं जड! तुझ्या बापाने काय, जीव पाठवलाय की काय?" मी त्याच्यासमोर उघडलं नाही.

कागदावर माझ्या प्रश्नाखाली एकच शब्द आहे : *नाही.* खाली तुमची पूर्ण सही, जुनी, शेवटी शेपटी असलेली. कागद मी एचेनिकेंच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, मागे उलटून पाहिला, पुन्हा वाचला.

"एवढंच?"

"एवढंच विचारलं होतं."

"अहो, त्यांनी मला पंचवीस वर्षांत 'नाही' हा शब्द शेकडो वेळा ऐकवलाय," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा कुणी पास झालं त्याच्यामुळे." आणि सही केली. मग बाहेर जाऊन त्यांनी शिकाऊ मुलांना गोळा केलं आणि स्वतः सांगितलं की ती ओळ आजपासून म्हणायची नाही. मुलांनी लगेच नवीन केली. 'डोळा दिसला, भिंग आण.' यमक जुळत नाही. पण बरोबर आहे.

पाकिटातली दुसरी वस्तू मी भिंगाखाली धरली. व्हार्निश जुनं झालंय, चहासारखं पिवळं. डोळा अजून चमकतो. गंजू नये म्हणून तुम्ही फार काळजी घेतली होती. मधलं छिद्र मोजायला मी व्हर्नियर लावायला गेले आणि थांबले. छिद्राच्या दोन्ही कडांना व्हार्निशवर दोन बारीक ओरखडे आहेत. पांढरे, ताजे. व्हर्नियरची टोकं टेकवल्याचे.

मी मोजलं नाही. आकडा तुम्हाला माहीत आहे.

आज सकाळी काकांनी लाइनीवर पहिला जोड केला. वारा होता, खराखुरा, तंबू फुगलेला. जोड झाल्यावर पाइपावर रंगाच्या पेनने नंबर लिहायचा असतो. नवीन वेल्डरला नवीन नंबर मिळतो, पण क्यू-४ या यादीत रिकामा होता. तो मी मागून घेतला होता. त्यांनी लिहिला, मागे सरकून पाहिला, चार हा आकडा वाकडा आला म्हणून शिवी दिली. मग तुमचा तुकडा मागितला. मला वाटलं फेकतील. त्यांनी तो खिशात ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीत ब्रेडखालच्या कागदावर ठेवला, उडू नये म्हणून. म्हणाले, "बारा वर्षं हेच काम करत होता ना? करू दे."

नंतर माते ओतताना, माझ्याकडे न बघता : "आन्सेल्मो अजून बकऱ्याचा गुर्दा आधी काढून घेतो का, दुसऱ्या कोणाला मिळायच्या आत?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, मी बऱ्याच वर्षांत त्यांच्यासोबत जेवलेले नाही.

"मग विचार. होय की नाही, असं विचार. तसं विचारलं तर तो उत्तर देतो म्हणे."

आईच्या अंत्यविधीला तुम्ही त्यांना फाटकाच्या आत बोलावलं नाहीत. मी बाहेर जाऊन त्यांच्याजवळ उभी राहिले, ते तुम्हाला आवडलं नाही. त्याबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही. तो प्रश्न होय-नाहीत मांडता येत नाही.

पुढच्या रविवारी तळाला सुट्टी आहे. काकांनी डोंगराकडच्या मेंढपाळाकडे कोवळं बकरं सांगून ठेवलंय. इथे ते भाजायला जाळी नाही. ज्यांना त्यांनी इतकी वर्षं जाळ्या विकल्या, त्यातलं इथे कोणी राहत नाही. बस सकाळी निघते. ड्रायव्हर जाळी टपावर बांधून देईल, मी त्याला सांगून ठेवलंय.

ती भिंतीपासून काढताना पाय आधी सोडवा. बरीच वर्षं तसाच उभा आहे, जमिनीत रुतला असेल.

यानीना